येझदी रोडकिंग, मॉडेल १९८७ : डेव्हिएशनवर पास

मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मालावर शिक्के मारते: पास, रिवर्क, रिजेक्ट. चौथाही एक शिक्का असतो, डेव्हिएशन. माल ड्रॉइंगप्रमाणे नाही, कुठे किती चुकलाय ते मोजून लिहिलंय, आणि तरीही सही करून आत घेतलाय, असा त्याचा अर्थ. माझी पहिली जुनी मोटरसायकल या चौथ्या शिक्क्यातली. येझदी रोडकिंग, १९८७ची, २५० सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. गाडी ७५,००० रुपयांना, वर कामाला २२,०००. एवढ्यात शोरूममधून नवी कोरी गाडी आली असती हे आमच्या घरी चहाबरोबरच वाढलं जातं, तेव्हा इथे कुणी पुन्हा सांगायची तसदी घेऊ नये.

गाडीबद्दल लिहितेच. पण आधी ती शोधण्याबद्दल, कारण जुन्या गाडीत निम्मा माल लोखंडाचा आणि निम्मा कागदाचा असतो, आणि कागदाला वेल्डिंग होत नाही.

जाहिरातीत वीस वर्षांचं खटारंही व्हिंटेज म्हणून खपवतात. केंद्राने जुलै २०२१मध्ये काढलेल्या नियमांत मात्र पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेली, मूळ रूपातली, फारशी फेरफार न केलेली गाडीच बसते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. एवढं करून ती रोज चालवता येत नाहीच. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, इतक्यापुरतीच रस्त्यावर आणायची. मला रविवारी दिंडोरी रोडने भाजी आणायला जायचं असतं. त्यामुळे साध्या नोंदणीची, पासिंग चालू असलेली गाडी हवी होती. '८०-८५ सालच्या गाडीला कुणी "मॅडम, हिला व्हीए नंबर करून देतो" म्हणालं, तर नमस्कार करून निघावं.

सगळ्यांसारखी मीही आधी यामाहाची आरएक्स १०० पाहिली. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ती निघाली, आणि नाशकात आज जितक्या 'सिंगल ओनर, ओरिजनल पेंट' आरएक्स विकायला आहेत ते बघता तो कारखाना अजून रात्रपाळीत चालू असावा. एका गाडीचा भाव लाखाच्या वर सांगितला आणि चेसिस नंबरावरून ग्राइंडर फिरलेला. वर रंग मारलेला होता, पण ग्राइंडरची खूण मी झोपेतही ओळखते. बोलणी तिथेच संपली.

मग बुलेट. शहरातल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट उभी होती. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या, अँपिअर मीटर, सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर, सगळं जागच्या जागी. मालकाने पहिल्या किकला चालू करून दाखवली. मी हात सिलिंडरच्या पंखांजवळ नेला, तर चांगली धग. म्हणजे मी पोचायच्या आधी कुणीतरी बराच घाम गाळलेला होता. "उद्या सकाळी थंड दाखवा, किक मी मारते," म्हटलं. "मॅडम, तुम्हाला नाही जमणार, बॅक मारते ती," असं उत्तर आलं. बुलेट बॅक मारते, म्हणजे किक उलटी पायावर आदळते, हे खरंय. अँपिअर मीटरच्या काट्यावर नजर ठेवून, डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन टॉपच्या किंचित पुढे आणायचा आणि मग एकच पूर्ण किक, हे मला माहीत होतं. मला माहीत असेल हे त्यांच्या गावी नव्हतं. त्या दुकानाला एक तारा, तोही चहाचा.

दुसरी बुलेट दिंडोरी तालुक्यात एका मळ्यात मिळाली. द्राक्षाच्या क्रेटांमागे ताडपत्रीखाली ठेवलेली, गाडी उत्तम. आरसी बुक आजोबांच्या नावावर. आजोबा वारलेले, मुलगे चार, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मालक हयात नसेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते: फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती. चार भावांना एका स्टॅम्प पेपरवर आणण्याचा पाना माझ्या टूलकिटमध्ये नाही.

देवळाली कॅम्प शेजारी असल्यामुळे आपल्याकडे आणखी एक जात भेटते, 'मिलिटरी ऑक्शनची' गाडी. हिरवा रंग मारला की झाली मिलिटरीची. लिलावाची पावती, ताबा दिल्याचा कागद आणि त्यानंतरची आरटीओची नोंद, तिन्ही हातात पडले तरच पुढे बोलायचं. मला ज्यांनी गाड्या दाखवल्या त्यांच्याकडे हिरवा रंग मुबलक होता.

रोडकिंग सापडली सातपूर कॉलनीत. विकणारे काका मायकोतून रिटायर झालेले. नवी पोरं बॉश म्हणतात, काकांच्या तोंडी अजून मायकोच. १९८७ साली बोनसमध्ये स्वतःची भर घालून त्यांनी ती नवी घेतली होती. त्यांनी मला आधी गाडी दाखवलीच नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतून आरसी बुक काढून समोर ठेवलं आणि म्हणाले, "आधी हे वाचा."

नंबर जुना, 'एम'ने सुरू होणारा तीन अक्षरी. एमएच-१५ वगैरे मालिका १९८९च्या जुलैपासूनची. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २००२पर्यंत. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण: २००७, २०१२, २०१७, २०२२, आणि आत्ता चालू आहे ते २०२७पर्यंत. एकही खाडा नाही. मी आमच्या कंपनीतल्या कॅलिब्रेशनच्या फायलीसुद्धा इतक्या नीट बघितलेल्या नाहीत.

खाडा असता तर काय झालं असतं हे लिहायला हवं, कारण 'फक्त तीस हजारांत येझदी' अशा जाहिरातींचं गुपित तिथेच असतं. नियमात दुचाकीच्या नूतनीकरणाला उशीर झाला तर दर महिन्याला ३०० रुपये जादा धरलेत. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर आहे. खुद्द नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२च्या आधी ३०० होती, मग १,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या मोटरसायकलला २,००० केली. वर्षानुवर्षं पासिंग नसलेली गाडी घेताना हा हिशोब कागदावर मांडा, मग भाव करा. आणि पुस्तकातली नोंद परिवहनच्या साइटवर दिसते का तेही बघा. जुन्या पुस्तकांतल्या कितीतरी नोंदी कॉम्प्युटरवर चढलेल्याच नसतात. मग आधी बॅकलॉग एन्ट्री, मग ट्रान्सफर. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना जी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते, तिचं घोडंही इथेच अडतं. काकांनी मागच्या नूतनीकरणालाच हे सगळं करून घेतलं होतं.

मग गाडी. "मी येईपर्यंत चालू करू नका," असं फोनवर सांगितलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, "मी म्हटलं तरी गुडघा करू देत नाही." विकायचं कारणही तेच.

चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. आकड्यांची खोली एकसारखी, पंचिंग मूळचं, इंजिन नंबरही पुस्तकातलाच. आरटीओच्या कागदांना ही चेसिस प्रिंट लागतेच, मग पहिल्याच भेटीत काढून घ्यावी. अक्षरांत काही गडबड असेल तर डोळ्यांआधी पेन्सिलला कळते.

येझदीला वेगळी किक नसते. डाव्या बाजूची गिअरची काडी आत दाबून वर फिरवली की तीच किक होते. दोन्ही कामं एका ठिकाणी, त्यामुळे झीजही तिथेच. किक मारताना मधेच सटकते का, मारल्यावर जागेवर परत येते का, काडीच्या मुळाशी सीलमधून ऑइल उतरतंय का. इथे उतरत होतं. नोंद क्रमांक एक.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सच्या ऑइलची, आणि ही टू-स्ट्रोक घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी. इंजिनाचं वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून येतं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. क्रँकचं क्लचकडचं सील गेलं की क्रँककेस ते गिअरचं ऑइल आत ओढते. खाली एक थेंब गळत नाही, तरी ऑइल कमी होत जातं आणि मागे पांढरा धूर. दुसऱ्या बाजूचं, मॅग्नेटोकडचं सील गेलं तर हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, रेस सोडली तरी गाडी चढीच राहते, आणि एक दिवस पिस्टन जाम. नुसत्या धुराने घाबरू नका. थंड टू-स्ट्रोक धूर टाकणारच, ती काही अगरबत्ती नाही की मंद असावा. पण चांगली गरम झाल्यावरही पांढरा ढग हटत नसेल तर सीलचा आणि उघडझाकीचा खर्च भावातून कापा. काकांची गाडी गरम झाल्यावरही थोडी पांढरी होती. नोंद क्रमांक दोन.

प्लग काढला, उजव्या बाजूचं कव्हर उघडलं, रोटर हाताने मागेपुढे हलवून बघितला. पिस्टन हलायच्या आधी रोटर जेवढा मोकळा फिरतो, तेवढा कनेक्टिंग रॉड ढिला. मी डायल गेज नेलं होतं. काका आधी हसले, मग चष्मा लावून स्वतःच रीडिंग वाचायला बसले. रॉड ठीक निघाला. टाकीत टॉर्च मारला, तळाला गंज, नोंद तीन. फोर्कमधून ऑइल येत नव्हतं. पुढचा ब्रेक म्हणजे नुसता शिष्टाचार. हेडलाइटच्या डब्यात वायरिंगला इतक्या ठिकाणी चिकटपट्टी की मूळ वायर कोणती ते सांगता येईना, नोंद चार. मीटरच्या किलोमीटरकडे मी पाहिलंही नाही. एवढ्या वर्षांच्या गाडीत तो आकडा शोभेचा असतो.

चक्कर मारायला त्र्यंबक रोडकडे गेलो, काका मागे. सिंहस्थाच्या कामांनी शहरातले रस्ते ठिकठिकाणी उकरून ठेवलेत, त्यामुळे सस्पेन्शनची परीक्षा आपोआप झाली. "आता थर्ड. ऐकलं का इंजिन? आता थर्ड," असं ते कानाशी सांगत होते. परत आल्यावर मी नोंदी वाचून दाखवल्या. पहिल्या तीन त्यांनी मान हलवून मान्य केल्या, वायरिंगवर मात्र हरकत घेतली, कारण ती त्यांनी स्वतः केली होती. ८५,००० सांगितले होते, ७५,०००ला सौदा झाला. ५,००० इसार दिला, पावती घेतली, बाकी रक्कम ट्रान्सफरच्या सह्या होतील तेव्हा.

ट्रान्सफरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फॉर्म २९, फॉर्म ३०, आरसी बुक, इन्शुरन्स, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं, आणि पेठ रोडचं आरटीओ. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. "सह्या करून देतो, तुम्ही सवडीने नावावर करा" हे ऐकायला गोड लागतं. पण मधल्या काळात काही झालं तर पोलीस जुन्या मालकाचं दार वाजवतात, आणि जुने मालक गेले तर तुम्ही दिंडोरीच्या त्या चार भावांच्या रांगेत. इन्शुरन्स मी थर्ड पार्टीच घेतला. १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये अधिक कर. पीयूसीवाल्या मुलाने धूर बघून आधीच तोंड वाकडं केलं. पण ३१ मार्च २०००च्या आधीच्या दुचाकीला धुरात सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.५ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. माझी आत बसली.

बायकांसाठी एक खास सूचना: लायसन्स काढून बघा, त्यावर 'विथ गिअर' आहे का. स्कूटरवर टेस्ट दिलेल्या माझ्या मैत्रिणींपैकी बऱ्याचजणींच्या लायसन्सवर ते नाही. माझ्या लायसन्सवर आहे, कारण बाबांनी एम-८०वर शिकवलं आणि टेस्टही त्यावरच द्यायला लावली.

आता मिस्त्री. द्वारकेकडून भद्रकालीत शिरताना एक चाचा बसतात. नाव-पत्ता लिहीत नाही, त्यांनीच बजावलंय: "ताई, जास्त गाड्या आल्या तर ठेवू कुठे?" टपरीएवढं गॅरेज, भिंतीला सायलेन्सर लटकलेले, पाटी नाही. गाडी चालू केली की चाचा खाली वाकून बघत नाहीत, नजर समोरच्या चहावाल्याकडे लावून ऐकतात. ऐकून म्हणाले, "बोअर झालेलं आहे हिचं. एकदा नाही." उघडल्यावर पिस्टनवर ६५.५० छापलेलं निघालं. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर. म्हणजे झिजलेला सिलिंडर कातून मोठा केलेला, आणि हा दुसरा ओव्हरसाइज. मी सिलिंडर ओळखीच्या टूलरूममध्ये नेऊन बोअर गेज लावलं. एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला झीज थोडी जास्त, पण पुन्हा बोअर करण्याइतकी नाही. रिंगा बदलल्या, क्रँकची दोन्ही सीलं बदलली, काडीचं सील बदललं, टाकी आतून धुऊन गंज काढला. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या चाचांनी ओढून काढल्या तेव्हा कार्बन सोऱ्यातून चकली पडावी तसा सलग बाहेर आला. पिकअप निम्मा तिथेच अडकला होता. टू-स्ट्रोक 'ओढत नाही' म्हणून कुणी इंजिन उघडायला निघालं तर आधी सायलेन्सर साफ करायला सांगा, कितीतरी स्वस्तात भागतं.

चाचांना इंजिनच्या कामाला पाचपैकी पाच. मजुरीही रास्त, आणि जुने पार्ट पिशवीत घालून परत देतात, न मागता. वेळेला एक. "शुक्रवारी घेऊन जा," यात कुठला शुक्रवार हे आपण विचारायचं असतं. वायरिंगला शून्य, आणि ते स्वतःच सांगतात, "बिजली का काम मेरा नहीं." असं स्पष्ट सांगणारे सप्लायर मला कंपनीत मिळाले तर माझी बीपीची गोळी बंद होईल.

पार्टबद्दल मात्र मी चाचांशी भांडते. आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना १९९६मध्ये बंद पडला, त्यानंतर बाजारात जे येतं ते बहुतेक डुप्लिकेट. पुण्यात नाना पेठेत बरंच काही मिळतं, आणि ते घेताना व्हर्निअर खिशात असलेला बरा. मी आणलेल्या सीलांपैकी एक घरात बसलंच नाही, बाहेरचा व्यास चुकलेला. चाचा म्हणतात, ठोकून बसतं. मी म्हणते, ठोकून बसलेलं सील म्हणजे उद्याची गळती. ते सील आता माझ्या टेबलावर पेपरवेट आहे. कुणाकडे जुना, कंपनीच्या खोक्यातला माल निघाला तर भाव न करता घ्या. २०२२मध्ये येझदी नावाने गाड्या पुन्हा आल्या, त्यांचे पार्ट चालतील या भ्रमात राहू नका. त्या फोर-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड, ३३४ सीसीच्या. नाव सोडलं तर हिच्याशी नातं नाही.

चालवायला कशी आहे? थंडीत चोक ओढून दोन-तीन किका, गरम असताना अर्धी. माझी उंची पाच फूट एक इंच, पाय दोन्ही टेकतात. किक डावीकडे असल्यामुळे पहिले काही दिवस उजव्या पायाला उगाच सवयीची चुळबुळ होते. गिअरची काडी दाबताना क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे चालू गाडीत लिव्हर न दाबताही गिअर पडतो. शालिमारच्या गर्दीत याचं मोल कळतं. चेन पूर्ण झाकलेली आहे. ओढणी, साडी, चिखल, कशाचीच चिंता नाही, आणि चेन टिकतेही जास्त. आजच्या गाड्यांनी ही गोष्ट का सोडली, मला कळत नाही.

आवाज नावाजतात तो खराच आहे. दोन सायलेन्सरमधून येणारा एका सिलिंडरचा ठेका, खालच्या रेसला गोल, वर गेल्यावर धारदार. पण त्या आवाजासाठीच कुणी गाडी घेणार असेल तर सांगते, साठ-पासष्टच्या पुढे हँडल हातात मुंग्या आणतं आणि आरशात मागची ट्रक दोन दिसतात.

ताकदीचा अंदाज गडावर जाताना आला. नांदुरीपासून सप्तशृंगीगडापर्यंत दहाएक किलोमीटरचा घाट, मागे माझी बहीण, गाडी बहुतेक वेळ तिसऱ्यावर आणि वळणांना दुसऱ्यावर, कुरकुर न करता. उतरताना खरी काळजी. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावालाच असतं, दोन्ही ब्रेक ड्रमचे, आणि रेस पूर्ण बंद करून लांब उतार उतरलात तर पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. इंजिन फिरतंय आणि वंगण पोचत नाही. म्हणून उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची. हे चाचांनी शिकवलं. बहिणीला वाटलं मी शायनिंग मारतेय.

पेट्रोल लिटरला पंचवीस-तीसच्या मधे जातं. त्यात लिटरमागे ३० ते ४० मिली टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल. आधी ऑइल ओतायचं, मग पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं. पंपावरच्या पोरांना आता हे माहीत नाही. एकाने बाटली बघून विचारलं, "काकू, औषध टाकताय का गाडीला?" 'काकू'वर मी काही बोलले नाही. पंपांवर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुनी रबरं खातं. म्हणून पेट्रोलची नळी नवी टाकली, आणि गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवते. मिसळलेलं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवत नाही.

कुणी घेऊ नये तेही सांगते. रोज सकाळी आठला पंच करायचं असेल आणि दुसरी गाडी नसेल तर घेऊ नका. मी रोज स्कूटरवरच जाते. नखाखाली काळं गेलेलं चालत नसेल तर नका घेऊ. मुलाला हौस म्हणून पहिली गाडी घेऊन देणार असाल तर पुढचा ब्रेक आठवा आणि नकाच घेऊ.

माझ्या यादीतली चौथी नोंद अजून उघडी आहे. काकांची वायरिंग पूर्ण उपटून नवं हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरांचा बांधलेला जुडगा, बसवायचंय, पावसाच्या आधी. तयार मिळणारं एक मागवून बघितलं, रंगसंगती डायग्रामशी जुळत नाही आणि वायर बारीक आहे, म्हणून रिजेक्ट करून परत पाठवलं. नाशकात किंवा नाशिकरोडला हाताने हार्नेस बांधून देणारा जुना ऑटो इलेक्ट्रिशियन कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा. डायग्राम माझ्याकडे आहे, वायरही मी आणून देईन. शुक्रवार कुठला तेवढं मात्र आधी ठरवू.